मढ गावाचा कागद

मे महिन्याची सुटी जवळ आली की आमच्या शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीत एकच विषय निघे: गावाला कधी निघणार? कुणी राजापूरची गाडी धरायचा, कुणी कराडची, कुणाच्या सासुरवाडीला आंबे पिकलेले असायचे. आमचे चित्रकलेचे मास्तर तेवढे हाताचा खडू झाडत स्वस्थ बसलेले असत. "तुमचं गाव कुठलं हो?" असे नव्याने आलेल्या एखाद्याने विचारलेच तर ते म्हणत, "मढ. वेसाव्याहून होडीनं पाच मिनिटं. मी रोज संध्याकाळी गावाला जातो." विचारणाऱ्याला ती थट्टा वाटे. मुंबईत माणसाची खोली असते, ब्लॉक असतो, नशीब असले तर बंगलाही असतो. मुंबईत गाव असलेला माणूस आम्ही पाहिला नव्हता.

जातीचा कोळी आणि स्वभावाने गंभीर, म्हणून आम्ही त्यांना 'नाखवा' म्हणत असू. त्यांनीही ते नाव कधी नाकारले नाही. अंधेरीच्या त्या शाळेत मी इतिहास शिकवला आणि त्यांनी चित्रे काढायला शिकवली. दोघेही निवृत्त झालो. मग वर्षातून दोनदा फोन, दिवाळीला फराळ आणि होळीला सुका बोंबील, एवढाच संबंध उरला होता. यंदा माघात मात्र अवेळी फोन आला.

"सर, तुम्ही इतिहास शिकवलात. आमचं गाव केव्हा वसलं त्याचा एखादा कागद काढून द्याल का?"

"कशाला?"

"मागतायत."

मागत कोण होते आणि कशासाठी, हे त्यांनी नंतर समजावून सांगितले. मुंबईतल्या कोळीवाड्यांच्या सीमा आखण्याचे काम गेली काही वर्षे चालले आहे. घरे मोजता येतात. भिंत असते, छप्पर असते, विजेचे बिल असते. पण कोळ्याचे गाव घरांपाशी संपत नाही. होड्या ओढायची जागा, जाळी पसरायची जागा, आणि सर्वांत मोठी म्हणजे मासळी वाळवायची जागा, ही सारी उघडी वाळू. तिला भिंत नाही, दार नाही, आणि सातबाऱ्यावर कोळ्याचे नावही नाही. 2011 च्या किनारा नियमन अधिसूचनेत मच्छीमारांच्या वस्त्या आणि त्यांच्या सामाईक जागा नकाशावर घ्याव्यात असे म्हटले आहे खरे. पण नकाशावर घ्यायचे तर ती जागा 'पूर्वापार' गावाची आहे हे कुणी तरी दाखवायला हवे. नाखव्यांच्या भावकीच्या बैठकीत ठरले की अर्ज करायचा आणि सोबत जुना पुरावा जोडायचा. पुरावा कोण शोधणार? तर इतिहासाचे सर.

मला प्रथम मोठा उत्साह आला. निवृत्त माणसाला कुणी कामाला लावले की त्याची तब्येत सुधारते. मी दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बसलो, ओळखीच्या लोकांकडून जुने ग्रंथ मागवले, आणि आठ दिवसांत एक वही भरून टाकली.

वहीत काय होते ते थोडक्यात सांगतो. साष्टी म्हणजे सहासष्ट गावांचे बेट. वांद्र्यापासून घोडबंदरापर्यंतचे हे सगळे उपनगर त्यात येते. या मुलखाची जुनी हकिगत सांगणारी 'महिकावतीची बखर' इतिहासाचार्य राजवाड्यांनी 1924 साली छापून काढली. बिंब राजा उत्तर कोकणात आला, त्याच्याबरोबर कुळे आली, त्यांना गावे नेमून दिली, अशी ती कथा. वाचताना मौज वाटते. पण बखरीची सारी काळजी राज्य कुणाचे आणि वृत्ती कुणाची यापाशी आहे. जमिनीवर हक्क सांगणाऱ्यांच्या भांडणातूनच असे कागद जन्माला येतात. नंतर 1534 च्या अखेरीस गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्याखालची बेटे पोर्तुगिजांना दिली. मग दोनशे वर्षे फिरंगी अंमल. 1739 साली चिमाजीअप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी मढचा किल्ला घेतला. त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली. 1774 च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी बळकावली आणि 1782 च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. पुढे मढ ठाणे जिल्ह्यात गेले. 1920 साली मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला तेव्हा त्यात गेले. 1957 साली बृहन्मुंबईची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली तेव्हा महापालिकेत गेले. 1990 साली उपनगर जिल्हा पुन्हा वेगळा झाला तेव्हा पुन्हा जिल्हा बदलला. गाव जागचे हलले नाही, पाटी तेवढी बदलत राहिली.

1882 साली छापलेल्या ठाणे जिल्ह्याच्या इंग्रजी गॅझेटियरात सोनकोळ्यांवर भरपूर मजकूर आहे. त्यांचा पोशाख, त्यांची लग्ने, त्यांच्या होड्या, सारे आहे. साहेब मोठा चौकस. पण मला हवी होती ती ओळ, म्हणजे अमुक साली अमुक राजाने मढ गाव वसवले ही, माझ्या हाती लागली नाही. आणि वही मिटताना माझ्या लक्षात आले की ती लागण्याचे कारणही नाही. कोळ्यांचे गाव कुणी राजा वसवत नाही. जिथे होडी सुखरूप लागते तिथे ते आपोआप वसते. शेतसारा नाही म्हणून पट्टा नाही, पट्टा नाही म्हणून दप्तर नाही.

एवढे सगळे फोनवर कसे सांगणार? फाल्गुनातल्या एका सकाळी वही काखोटीला मारून मी निघालो.

अंधेरीहून मढला जाणे ही आता सोपी गोष्ट आहे असे वाटते, कारण 2014 पासून मेट्रो चालू आहे आणि तिच्या शेवटच्या स्थानकाचे नावच वर्सोवा आहे. त्या नावावर विश्वास ठेवून उतरलेल्या माणसाला समुद्र कुठे दिसत नाही, वासही येत नाही. तिथून पुढे सात बंगल्यावरून रिक्षा करून खऱ्या वेसाव्यात शिरावे लागते. शिरलो हे कसे कळते? रस्ता एकाएकी अरुंद होतो, रिक्षावाला हॉर्नवरचा हात काढत नाही, आणि टोपल्या घेतलेल्या बाया रिक्षालाच बाजूला व्हायला सांगतात. गावाचे नाव वेसावे. 'विसावा' या शब्दावरून ते आले असे तिथले लोक सांगतात. वर्सोवा हे साहेबी तोंडातले रूप, आणि मेट्रोने तेच उचलले.

धक्क्यावरून मढची फेरीबोट सुटते. माणसे, मोटारसायकली, भाजीच्या पाट्या, शाळेची मुले, सगळे एकाच फळीवरून आत येतात. खाडी ओलांडायला पुरती पाच मिनिटेही लागत नाहीत. तीच जागा रस्त्याने गाठायची तर मालाडला जाऊन, मार्वे रोडने वळसा घालून वीसेक किलोमीटर पडतात. या दोन काठांमध्ये पूल बांधण्याची योजना महापालिकेने हाती घेतली आहे. बोटीत माझ्या शेजारी बसलेली एक बाई म्हणाली, "पूल झाला तर इस्पितळ जवल येल." तिच्या पलीकडचा म्हातारा म्हणाला, "अन बिल्डर पन." दोघांचेही खरे असल्यामुळे मी गप्प बसलो.

बोटीतून मढ पाहिले की गाव तिथेच का वसले ते नकाशाशिवाय कळते. समुद्राच्या बाजूला खडकाळ नाक पुढे आलेले आहे, त्यावर किल्ला. नैर्ऋत्येचा पावसाळी वारा त्या नाकावर आपटतो आणि खाडीच्या मुखाच्या आत पाणी त्या मानाने शांत राहते. आत चिखलाचा उतार. ओहोटीला होड्या त्यावर अलगद टेकतात, भरतीला आपोआप तरंगतात. बंदर बांधायला नको, धक्का घालायला नको. ज्या कुणा पहिल्या माणसाने इथे होडी लावली त्याला फार विचार करावा लागला नसेल.

नाखवा धक्क्यावर उभे होते. पायांत चपला, डोक्यावर टोपी, हातात छत्री. शाळेतला माणूस इथे थोडा उंच दिसला. "सापडला?" त्यांनी पहिला प्रश्न केला. मी वही दाखवली. त्यांनी ती उघडली नाही. "आधी चहा," म्हणाले.

चहानंतर किल्ल्याकडे गेलो. पोर्तुगिजांनी खाडीच्या तोंडावर पहारा ठेवण्यासाठी बांधलेला हा किल्ला बाहेरून अजून भक्कम वाटतो. आत जाता येत नाही, कारण जागा हवाई दलाच्या ताब्यात आहे. खडकांवरून चालत किल्लेश्वराच्या देवळापर्यंत गेलो आणि बाहेरच्या बुरुजाकडे पाहत बसलो. मी म्हटले, "मास्तर, हा तुमचा पहिला पुरावा. फिरंग्यानं इथं पहारा बसवला तो काही समुद्राच्या हवेसाठी नव्हे. होड्यांची ये-जा होती, ती होडी कुठल्या तरी गावाची होती."

"हे लिहून द्याल?"

"लिहून देईन. पण हा तर्क झाला. कचेरी तर्क घेत नाही."

"कचेरी काय घेते?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. परतताना हरबादेवीच्या देवळावरून आलो. नाखव्यांनी चपला काढून हात जोडले, मीही जोडले. देवळाच्या आवारात एक विहीर होती. समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि पोहऱ्यातले पाणी गोड! पावसाचे पाणी वाळूत मुरते आणि हलके असल्यामुळे खालच्या खाऱ्या पाण्यावर थरासारखे राहते. विहीर बेताने उपसली तर ते वर्षभर पुरते, हावरटपणा केला तर खारे वर येते. हे मी भूगोलाच्या शिक्षकाकडून ऐकले होते, चाखले मात्र पहिल्यांदाच. वाऱ्याला आडोसा, होडीला उतार आणि माणसाला गोडे पाणी, एवढ्या तीन गोष्टी जमल्या की किनाऱ्यावर वस्ती होते. चौथी गोष्ट मला माहीत नव्हती. ती दाखवायलाच नाखवा मला पुढे घेऊन निघाले.

घरांच्या गर्दीतून बाहेर पडलो आणि एकदम उघडी वाळू लागली. तिच्यावर बांबूच्या खांबांच्या रांगाच रांगा, खांबांना माणसाच्या उंचीपर्यंत एकावर एक आडव्या दोऱ्या ताणलेल्या, आणि त्या दोऱ्यांवर हजारो बोंबील. याला वलांड्या म्हणतात. पुस्तकात मी हा शब्द वाचला होता आणि एखादी दोरी डोळ्यांपुढे आणली होती. इथे तर वाऱ्यावर हलणारे शेत होते. सकाळचे ओले बोंबील पांढुरके, जवळजवळ पारदर्शक, कालचे पिवळट, परवाचे काडीसारखे कडक, वारा आला की एकमेकांवर आपटून खडखडणारे. टांगायची युक्तीही पाहण्यासारखी. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. ना सुतळी, ना खिळा. माशाचे दातच त्याला धरून ठेवतात. बायांचे हात इतके झरझर चालत होते की जबडा अडकतो कधी ते मला शेवटपर्यंत दिसले नाही. मी एक जोडी करून पाहिली. ती पडली. पोरी हसल्या.

नाखव्यांची आत्या तिथे एका पालथ्या टोपलीवर बसून होती. वय विचारले तर म्हणाली, "मोजला नाय." नाखव्यांनी माझी ओळख करून दिली, हे सर, गावाचा कागद शोधतायत. आत्याने माझ्याकडे आणि वहीकडे आळीपाळीने पाहिले.

"कागुद कला धुंडतास मास्तर? या वलांड्या दिसत नाय तुमाना?"

दिसत होत्या, पण त्या काय सांगतात ते वाचता येत नव्हते. मग तिनेच वाचायला सुरुवात केली. बोटाने दाखवत म्हणाली, ही रांग माझ्या सासऱ्याची. त्याच्या आधी त्याच्या बापाची. ती पलीकडची त्याच्या चुलत्याची, तिथे आता नातसून असते. मधली रिकामी दिसते ती एका विधवेची होती. तिला मुलगा नव्हता, म्हणून तिने भाचीला दिली. ती कोपऱ्यातली वाऱ्याला चांगली म्हणून तिच्यावरून दोन घरांत भांडण झाले, मग एक वर्ष याने आणि एक वर्ष त्याने अशी वाटणी ठरली. मी वही उघडली आणि लिहू लागलो. एकेका रांगेमागे ती चार-पाच पिढ्या सहज मागे जात होती. माझ्या स्वतःच्या घराण्यात आजोबांच्या वडिलांचे नाव मला कागद पाहून सांगावे लागते!

मग मला ती चौथी गोष्ट कळली. इथली मासेमारी मुख्यतः डोलीची. डोल म्हणजे शंकूसारखे लांबलचक पिशवीचे जाळे. समुद्रात ठरलेल्या जागी ते खुंटांना बांधतात, तोंड प्रवाहाकडे ठेवतात, आणि भरती-ओहोटीचे पाणीच मासा आत आणून सोडते. माशाच्या मागे धावायचे नाही. पाण्याची वाट पाहायची. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याला जोर असतो तेव्हा जाळे भरते, अष्टमीच्या सुमारास भांग लागतो तेव्हा हात रिकामे. आणि भरलेल्या डोलीत सर्वांत जास्त निघतो तो बोंबील. हा मासा म्हणजे निव्वळ पाणी. दहा किलो ओला टांगला तर दीड-दोन किलो सुका उतरतो. उन्हात काही तास पडला तर तो गेला. म्हणजे होडी लागते तिथून टोपली डोक्यावर घेऊन बाई जिथवर चालत जाऊ शकते, तिथेच वाळवणाची वाळू हवी. ती वाऱ्याला मोकळी हवी. आणि तिच्यावर इमारतीची सावली नको. वलांडी दोन मैल पलीकडे हलवा म्हणणे म्हणजे शेतकऱ्याला खळे दुसऱ्या तालुक्यात न्या म्हणण्यासारखे आहे. उधाणाच्या दिवसांत एकदम आलेला सगळा बोंबील बाजार ओला घेत नाही. तो सुकवता आला म्हणून गाव पावसाळ्याचे चार महिने जगू शकले. वाळवणाची वाळू गावाच्या कडेला आहे असे मी येताना धरून चाललो होतो. खरे पाहता घरे तिच्या कडेला आहेत.

नाखवा म्हणाले, समुद्रातल्या जागेचेही असेच. खुंट कुणाचा कुठे हे सगळ्यांना ठाऊक. पूर्वी किनाऱ्यावरच्या खुणा जुळवून जागा धरत. किल्ल्याचा बुरूज आणि मागचा अमुक डोंगर एका रेषेत आले आणि दुसरीकडे अमुक झाड अमुक सुळक्यावर आले की तिथे जाळे. आता मागे उंच इमारती झाल्या, डोंगर झाकले गेले. पोरे यंत्रावर आकडे पाहून जातात. "माझा बाप डोळे मिटून सांगायचा," ते म्हणाले, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. स्वतः ते शिकून मास्तर झाले होते. होडी धाकट्या भावाकडे गेली. ते या गोष्टीविषयी शाळेत कधी बोलले नव्हते.

दुपारी जेवण झाले. ताज्या बोंबलाचे कालवण, तांदळाची भाकरी, आणि वर करंदीचे सुके. त्याचे वर्णन मी करणार नाही, कारण दिवाळी अंक फराळ करता करता वाचणाऱ्यांवर तो अन्याय होईल.

उन्हे कलल्यावर रिक्षाने एरंगळला गेलो. तिथे कागद आहे, असे मी आधीच सांगून ठेवले होते. एरंगळच्या किनाऱ्यावर संत बोनाव्हेंचरचे जुने चर्च आहे; त्याचा काळ 1575 सांगतात. वाळूच्या अगदी कडेला उभे असलेले ते दगडी देऊळ पाहिले की मन निवते. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी इथे जत्रा भरते. ख्रिस्ती तर येतातच, पण मढचे हिंदू कोळीही येतात. नाखवे लहानपणी बैलगाडीतून आले होते. इथल्या ख्रिस्ती लोकांना ईस्ट इंडियन म्हणतात. ऐकणाऱ्याला हे कुठल्या परदेशातून आले असे वाटते. पण घरात बोलतात ती मराठीच, आणि हे नाव त्यांनी 1887 साली राणीच्या ज्युबिलीच्या वेळी घेतले, गोव्याकडून आलेल्यांहून आपण वेगळे, इथलेच मूळचे, हे सरकारदरबारी कळावे म्हणून. म्हणजे त्यांनाही 'आम्ही इथलेच' हे कुणाला तरी पटवून द्यावेच लागले होते! नाव घेतले आणि नेमके परके वाटेल असे घेतले, याची मला प्रत्येक वेळी गंमत वाटते.

चर्च पाहून नाखवे म्हणाले, "यांचं बरं आहे. चारशे वर्षांची भिंत आहे."

"भिंत चर्चची आहे," मी म्हटले. "गावाची कुठं आहे?"

परतताना वाटेत दोन्ही बाजूंना बंगले लागले. उंच कुंपणे, फाटकावर रखवालदार. चित्रपटांची आणि मालिकांची चित्रीकरणे इथे होतात. 2023 साली किनाऱ्यावरचे बेकायदा स्टुडिओ पाडले गेले ते याच भागातले. आणि त्याहून नवलाची गोष्ट पुढेच आहे. 1964 च्या एप्रिलपूर्वीपासूनचे राहते घर असेल तर महापालिका ते चालवून घेते. या एका सालाला त्यामुळे सोन्याचा भाव आला. मढ-एरंगळ परिसरात किनाऱ्याच्या मनाईच्या पट्ट्यात नवे बंगले उभे राहिले, आणि ती बांधकामे 1964 पूर्वीपासूनची आहेत असे दाखवणारे बनावट नकाशे तयार झाल्याचे उघडकीस आले. हायकोर्टापर्यंत प्रकरण गेले, पोलिसांचे विशेष पथक नेमले गेले, आणि 2025 साली महापालिकेने काही बांधकामांवर हातोडा चालवला. काल बांधलेल्या बंगल्याला जुना नकाशा मिळतो, आणि किल्ल्याच्या आधीपासून असलेल्या वाळवणाला मिळत नाही! हे मी रिक्षात जरा मोठ्याने बोललो असेन, कारण रिक्षावाल्याने आरशातून पाहिले. नाखवे मात्र एकदम सावरून बसले.

"सर, नकाशा काढायला काय लागतं?"

"मोजणी लागते. आणि काढणारा लागतो."

"मी चौतीस वर्षं काय शिकवलं?"

त्या संध्याकाळी शेवटच्या बोटीची आशा सोडून मी मढला राहिलो. नाखव्यांनी माळ्यावरून जुना ड्रॉइंग बोर्ड काढला, पुतण्याने टेप आणला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे होड्या यायच्या आत आम्ही वाळूवर होतो. टेपचे एक टोक मी धरले होते. इतिहासाच्या शिक्षकाला यापेक्षा मानाचे काम कुणी दिले नव्हते. खांब मोजले, रांगा मोजल्या, पाण्याची उधाणरेषा मोजली. आत्या टोपलीवर बसून नावे सांगत होती आणि मधूनमधून आम्हाला रागावत होती: "तो खांब ह्या नाय, त्याचे पलीकरचा!" नऊ वाजेपर्यंत बऱ्याच बाया जमल्या. प्रत्येकीला आपली रांग कागदावर आली की नाही ते पाहायचे होते. एकीने आपल्या सासूचे नावही घालायला लावले. सासू जाऊन वीस वर्षे झाली होती. नाखव्यांनी ते सुबक अक्षरात घातले.

एका रांगेचा पत्ता मात्र लागेना. ती कुणाची, हे आत्याला आठवत होते, पण त्या घरातले कुणी मढला उरले नव्हते. मुलगी मनोरीला दिलेली. मग पुढच्या रविवारी आम्ही दोघे मार्वेहून बोटीने मनोरीला गेलो. ती बाई अंगणात जवळा पसरत होती. नकाशा तिच्यापुढे धरला तर तिने तो आधी उलटा धरला, मग सुलटा केला, आणि बोट नेमके आपल्या बापाच्या रांगेवर ठेवले. सही करता येत होती, सही केली.

अर्ज मे महिन्यात गेला. सोबत माझ्या वहीतली सहा पाने टंकलिखित करून जोडली आहेत: बखर, 1534, 1739, किल्ला, गॅझेटियर, सारे. पण अर्जाचा जीव त्या सहा पानांत नाही हे मला ठाऊक आहे. सर्वांत वर नाखव्यांचा नकाशा आहे, त्यावर प्रत्येक रांगेत ती सांभाळणाऱ्या बाईचे नाव, तिच्या सासूचे, आणि आठवेल तिथवर आजेसासूचे. अशा प्रकारचा कागद त्या कचेरीत यापूर्वी गेला असेल असे वाटत नाही. पोच मिळाली आहे. उत्तर अजून आलेले नाही.

पावसाळ्यात वलांड्या काढून ठेवतात. खांबांचे भारे घरांच्या वळचणीला लागतात, आणि त्या चार महिन्यांत ती वाळू कुणालाही रिकामी सरकारी जागाच वाटेल. नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या. परवा सकाळी नाखव्यांचा फोन आला. मला वाटले, उत्तर आले.

"नाही हो. पहिला बोंबील चढला. तुमच्यासाठी काढून ठेवतोय." मग जरा थांबून म्हणाले, "सर, दिलेल्या नकाशात दुरुस्ती करता येते का? त्या विधवेच्या भाचीचा मुलगा नोकरी सोडून होडीवर यायला लागलाय. आत्या म्हणते, त्याच्या बायकोचं नाव घालायला पाहिजे."